महाबळेश्वरहून परतताना: घाट, ब्रेक आणि शेजारची सीट

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. येत्या शनिवारी तुम्ही दोघं महाबळेश्वरला जाताय, रविवारी डोंबिवलीला परत यायचंय आणि सोमवारी दोघांनाही ऑफिस आहे. मागच्या खेपेला पाचगणीहून वाईला उतरताना ब्रेकचा जळका वास आला. तुम्ही मिस्टरांना "हळू घ्या" म्हणालात, ते चिडले आणि पार शिरवळ येईपर्यंत गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही. या वेळी ते म्हणतात, सूर्यास्त बघून निघू, रात्री रस्ता मोकळा मिळतो. तुम्ही म्हणता, सकाळीच निघू. शिवाय पोलादपूरमार्गे गेलो तर बरं पडेल का, हेही तुम्हाला जाणून घ्यायचंय.

रस्त्याबद्दल सांगतोच, पण तुमची खरी अडचण रस्त्याची आहे असं मला वाटत नाही. जाताना आपलं सगळं ठरलेलं असतं: किती वाजता निघायचं, नाश्ता कुठे, पेट्रोल कुठे. परतीचं मात्र काहीच ठरलेलं नसतं. मग ते सगळे निर्णय गाडी चालू असताना, अंग आंबलेलं असताना आणि नेमके उतारावर घ्यावे लागतात. त्या वेळी शेजारून आलेला शब्द चालवणाऱ्याला सूचना वाटत नाही, दोष दिल्यासारखा वाटतो. म्हणून मागच्या खेपेचं भांडण स्वभावामुळे झालं असं मी म्हणणार नाही. जे बोलणं सकाळी चहाच्या वेळी व्हायला हवं होतं ते घाटात झालं.

मी मूळचा वाईचा. तेवीस वर्षं टुरिस्ट गाडी चालवली, त्यातल्या निम्म्याहून जास्त फेऱ्या पुण्या-मुंबईहून महाबळेश्वरच्या. आता साताऱ्यात गाडी शिकवतो. तुमची गाडी कोणती, मॅन्युअल की ऑटोमॅटिक, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि काही गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. तिथे तसं सांगेन.

आधी ब्रेकच्या वासाचं बघू. चढताना चूक झाली तर गाडी सांभाळून घेते. पाय काढला की ती आपोआप मंदावते. उतारावर उलटं, पाय काढला की ती वेग धरते. पाचगणी समुद्रसपाटीपासून साधारण १,२९० मीटरवर आहे आणि वाई सुमारे ७२० मीटरवर. म्हणजे बारा-तेरा किलोमीटरच्या पसरणी घाटात तुम्ही पावणेसहाशे मीटर खाली येता. माणसं आणि सामान धरून दीड टनाची गाडी एवढी खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यावर साधारण पंचवीस लिटर पाणी उकळता येईल. त्यातली थोडी वाऱ्यात आणि टायरमध्ये जाते. बाकीची एक तर इंजिनाने खायची किंवा ब्रेकने. गाडी चौथ्या गिअरमध्ये ठेवून सारखा ब्रेकवर पाय ठेवला, तर तो सगळा ताप त्या चार चाकांतल्या पॅडवर आणि लायनरवर येतो. पॅडमधला चिकटवणारा पदार्थ तापून जळायला लागतो, तोच तो वास. आपण हळू चाललोय की जोरात, याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. पंचवीसच्या वेगाने, पण सतत ब्रेक घासत उतरलेल्या गाड्यांनाही तो वास येतो. तेव्हा "हळू घ्या" म्हणणं चूक नव्हतं, पण गिअर उतरवायला सांगायला हवं होतं.

आमच्याकडे जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. ट्रकला आणि जुन्या जीपला हे बरोबर लागू पडायचं. आताच्या टर्बो गाड्या तिसऱ्यातही आरामात चढतात, म्हणून मी एक गिअर आणखी खाली सांगतो. पसरणीत सरळ पट्ट्यांवर तिसरा, वळणांच्या मालिकेत दुसरा. इंजिनाचा आवाज वाढेल, इंजिनाच्या फेऱ्यांचा (आरपीएमचा) काटा तीन हजारांच्या आसपास जाईल. शिकायला येणारे बहुतेकजण इथे घाबरून गिअर वर टाकतात. घाबरू नका, लाल पट्ट्याच्या बऱ्याच आत असाल तर तो आवाज इंजिन काम करत असल्याचा आहे. आणि ब्रेक मारायचा तो वळणाच्या आधी, सरळ रेषेत, ठामपणे. चाळीसचा वेग तीसवर आला की पाय पूर्ण उचलायचा. ब्रेकला मधेमधे वारा मिळाला पाहिजे. नुसता टेकवून ठेवलेला पायच घात करतो.

गाडी ऑटोमॅटिक असेल तर 'डी'मध्ये ठेवून उतरू नका. एएमटीमध्ये, म्हणजे आत नेहमीचेच गिअर पण क्लचचं पेडल नसलेल्या गाडीत, दांडा मॅन्युअलला घेऊन वजाच्या खुणेकडे ढकलत दुसऱ्या गिअरपर्यंत आणा. सीव्हीटीमध्ये, म्हणजे वेगवेगळे गिअर नसून पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये, 'एल' किंवा 'एस' असेल तो वापरा. इलेक्ट्रिक गाडी असेल तर एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: हॉटेलवर रात्रभर लावून बॅटरी शंभर टक्के भरली, तर उतारावर तयार होणारी वीज ठेवायला तिच्यात जागाच राहत नाही आणि गाडी स्वतःहून वेग रोखायची कमी होते. महाबळेश्वरहून निघताना ऐंशी टक्क्यांवर निघा.

न्यूट्रलचा मोह मात्र कुणीच धरू नये. तेल वाचतं हा समज कार्ब्युरेटरच्या काळातला आहे. आजच्या गाडीत गिअरमध्ये असताना एक्सलेटरवरून पाय काढला की इंजिनाला जाणारं इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट ते चालू ठेवायला थोडं जाळावं लागतं. इंजिन बंद करून उतरणं त्याहून वाईट. दोन-तीन वेळा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टिअरिंग जड पडतं. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ ला एका ट्रकने बऱ्याच गाड्यांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद करून ट्रक न्यूट्रलमध्ये सोडला होता, असं प्राथमिक तपासानंतर सांगितलं गेलं. तो उतार तुमच्याही परतीच्या वाटेवर आहे.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट. लोकांना वाटतं वाई आली की घाट संपला. तसं नाही. सुरूर फाट्याला हायवेला लागलात की खंबाटकीचा बोगदा, आणि तो संपल्यावर उतारावरचं ते कुप्रसिद्ध एस वळण. जाताना तुम्ही खंबाटकी चढून जाता, त्यामुळे हे वळण तुम्हाला फक्त परतीतच भेटतं. तिथे नव्या बोगद्यांमुळे वाहतूक वळवलेली असू शकते, त्या दिवशीच्या पाट्या बघून चला. पुढे कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंत लांबलचक उतार. आणि सगळ्यात शेवटी, चार-पाच तास गाडी चालवून झाल्यावर, लोणावळा ते खोपोली. लोणावळा सव्वासहाशे मीटरच्या आसपास, खोपोली जवळजवळ पायथ्याला. म्हणजे तिथेही साडेपाचशे मीटरच्या वर उतरायचं आहे, जवळपास पसरणीइतकंच. रस्ता रुंद आणि गुळगुळीत असल्याने उतार जाणवत नाही आणि पाय आपोआप ब्रेकवर जाऊन बसतो. तिथली वेगमर्यादा बाकी द्रुतगती मार्गापेक्षा कमी आहे ती याच कारणासाठी. तिथेही गिअर खाली घ्यायचा.

वास आलाच तर काय करायचं, तेही दोघांनी आधी ठरवून ठेवा. वळणावर नाही, पण पहिली रुंद जागा दिसेल तिथे गाडी घ्यायची. पार्किंग लाइट लावायचे, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची, चाकाला दगडाची अडण लावायची. तापलेल्या चाकावर पाणी ओतायचं नाही, डिस्क वाकते. हात लावायचा नाही. वीस-पंचवीस मिनिटं नुसतं थांबायचं. वासाच्या पुढची पायरी म्हणजे पेडल मऊ पडून खाली जायला लागतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि ओलावा मुरला की ते लवकर उकळतं. डॉट ४ प्रकारच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, ओलावा मुरल्यावर किमान १५५. आत वाफ धरली की पेडल दाबून वाफच दाबली जाते, ब्रेक लागत नाही. अशा वेळी पेडल भराभर मारायचं, गिअर एकेक करून खाली आणायचा, हँडब्रेक झटक्यात न ओढता हळूहळू घ्यायचा आणि गाडी डोंगराच्या बाजूला धरायची, दरीकडे नाही. हे वाचून घाबरू नका. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदललेलं असेल आणि गिअरवर उतरत असाल, तर सहसा ही वेळ येत नाही.

आता वेळेचं. इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूचा आहे, आणि त्याचं कारण माझ्या स्वतःच्या घरात घडलंय.

तेव्हा आम्ही पुण्यात धनकवडीला राहायचो. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि पहिल्यांदाच बायकोला घेऊन, धंद्याची खेप नसताना, मी महाबळेश्वरला गेलो. बाँबे पॉइंटला सूर्यास्त बघितला, आठच्या सुमारास निघालो, वाईत पोटभर जेवलो. पसरणी मी झोपेतही उतरवेन असं मला वाटायचं आणि उतरलोही नीट. खंबाटकीचा बोगदा ओलांडल्याचं मला आठवतं. शिरवळ आठवत नाही. गाडी डाव्या बाजूच्या खडीवर गेली, खडखड झाली आणि बायकोने खांदा गच्च धरला, तेव्हा मी जागा झालो. पुढे पन्नास पावलांवर एक ट्रक बंद पडून उभा होता, मागे लाइट नव्हता.

ती नंतर जे म्हणाली ते मला अजून बोचतं. म्हणाली, "दहा मिनिटं झाली, मी काही विचारलं की तुम्ही नुसतं हं करत होतात. मला कळत होतं. पण तुमचा धंदाच हा, तुम्हाला मी काय सांगायचं, म्हणून गप्प बसले." माझ्या अनुभवाचा मान राखण्यापायी आम्हा दोघांचा जीव गेला असता. घरी दोन लेकरं आजीपाशी झोपली होती.

म्हणून मिस्टरांना एवढं नक्की सांगा. रात्री रस्ता मोकळा असतो हे खरं, पण डोळे मोकळे नसतात. दोन दिवस फिरून, चढउतार करून, सवयीपेक्षा जास्त खाऊन माणूस दमलेला असतो. त्यात अंधारात घाटाची दरी दिसत नाही, आणि रविवारी संध्याकाळी रस्ता मोकळाही नसतोच. वेण्णा लेकपासून गुरेघर, पाचगणीपर्यंत गाड्यांची रांग लागते, त्या रांगेत क्लच दाबून दाबून पाय भरून येतो आणि मग लगेच पसरणी सुरू होते. सूर्यास्त शनिवारी बघा. रविवारी उजाडताना विल्सन पॉइंटला जा, परत येऊन नाश्ता करा आणि नऊ-साडेनऊला निघा. जेवण पुण्याच्या अलीकडे, हलकं. दुपारी दोन ते चारमध्ये पुन्हा झोपेची लाट येते, ती कुणालाच चुकत नाही. तेव्हा द्रुतगती मार्गाला लागायच्या आधी थांबून चहा प्या आणि लगेच वीस मिनिटं सीट मागे करून डोळे मिटा. चहा-कॉफीचा परिणाम व्हायला तेवढाच वेळ लागतो, उठताना दोन्हीचा फायदा मिळतो. काच उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं हे सगळं मी वर्षानुवर्षं करून बघितलंय. त्याने पाचेक मिनिटं जातात, झोप जात नाही.

आता तुमच्या सीटबद्दल. डावीकडे बसणारा माणूस प्रवासी नसतो असं मी शिकायला येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला सांगतो. त्या प्रसंगानंतर आमच्या घरात एक पद्धत पडली. बायको "चहा घेऊ या" म्हणाली की पुढच्या सुरक्षित जागेला मी गाडी थांबवतो. आत्ताच तर घेतला, दहा मिनिटांनी घेऊ, असलं काही बोलायचं नाही. कारण विचारायचं ते गाडी थांबल्यावर. तिला खरंच चहा हवा असेल, माझे डोळे जड वाटले असतील, नाहीतर नुसतीच भीती वाटली असेल. यात कुणी कुणाला चूक ठरवत नाही, म्हणून ती पद्धत टिकली. तुम्ही तुमचा शब्द निवडा. पण तो ठरवायचा घरी, घाटात नाही.

बाकी घाटात कमी बोला, आणि बोलाल ते डोळ्यांना दिसणारं बोला. "समोरून एसटी चढतेय", "डावीकडे माकडं आहेत", "वळणापलीकडचं दिसत नाही" एवढं पुरे. "जपून", "अहो बघा ना", "किती जोरात" या शब्दांनी चालवणाऱ्याला नेमकं काय करायचं ते कळत नाही, फक्त त्याचे खांदे आखडतात. अरुंद जागी समोरून चढणारी गाडी आली तर उतरणाऱ्याने थांबून तिला वाट द्यायची असते, कायदाही तेच सांगतो. हे तुम्हाला आधीच दिसलं तर आधीच सांगा, म्हणजे ब्रेक करकचून मारावा लागत नाही.

तुम्हाला गाडी लागते का हे तुम्ही लिहिलं नाहीये. लागत असेल तर घाटात मोबाइलवर नकाशा बघत बसू नका, लांबवर रस्त्याकडे बघा. फाटे कुठे आहेत ते निघण्यापूर्वीच दोघांनी बघून घ्या. उलटीच्या गोळ्यांनी गुंगी येते, म्हणून ती गोळी ज्याने घेतली त्याने त्या दिवशी स्टिअरिंग हातात घ्यायचं नाही.

लायसन्स तुमच्याकडेही आहे म्हणता, पण घाटात कधी चालवलं नाही. घाटातली सुरुवात परतीच्या दिवशी करू नका. पण शिरवळ ते खेड शिवापूर हा टप्पा तुम्ही घ्या, डाव्या लेनने, सत्तरच्या वेगाने. अर्धा तास मिस्टरांचे पाय आणि डोळे मोकळे झाले की नवले पुलाच्या उताराला ते ताजे असतील. खोपोली उतरून गेल्यावर पनवेलपर्यंत पुन्हा तुम्ही. यात एक फायदा असा की ज्याने दिवसात थोडी तरी गाडी चालवली असते, त्याचं शेजारून बोलणं बदलतं. आणि ज्याने थोडा वेळ शेजारी बसून काढला असतो, त्याचं ऐकणं बदलतं. हे मी कित्येक जोडप्यांत बघितलंय.

राहिलं पोलादपूर. अंतर थोडं कमी पडेल आणि पुणे टळेल. पण आंबेनळी घाट हा चाळीसेक किलोमीटरचा, महाबळेश्वरच्या साडेतेराशे मीटरवरून थेट कोकणात उतरणारा रस्ता आहे. वळणं जास्त, रुंदी कमी, मधे थांबायला जागा थोड्या. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत तो ठिकठिकाणी खचला होता आणि बंद ठेवावा लागला होता, तेव्हा पावसाळ्यात तर चौकशी केल्याशिवाय जाऊच नये. कोरड्या दिवसांत, दिवसाउजेडी, गिअरवर उतरायची सवय असलेल्याने खुशाल जावं. रस्ता फार देखणा आहे, प्रतापगडही वाटेत होतो. पण ज्या गाडीला मागच्या खेपेला पसरणीत वास आला, ती तपासून घेतल्याशिवाय आंबेनळीत घालू नका. पुढे महामार्गावर माणगावला रविवारी संध्याकाळी अडकलात तर वाचलेला वेळ तिथेच जातो. या खेपेला वाईमार्गेच या.

आणि या आठवड्यात गाडी एकदा गॅरेजला न्या. पुढची चाकं उघडून पॅड किती उरलेत ते स्वतः बघा, तापून डिस्क निळसर पडली आहे का ते विचारा, मागचे लायनर साफ करून घ्या आणि ब्रेक ऑइल बदलून दोन वर्षं झाली असतील तर बदलाच. टायरची हवा थंड असताना भरा. मिस्टरांना हे सगळं वाचायला देणार असाल तर शुक्रवारी रात्री, बॅगा भरायच्या आधी द्या, आणि शिरवळपर्यंतच्या त्या अबोल्याचा विषयही तेव्हाच काढा.